गुगल क्लासरूमचं लॉगिन होत नाही? पासवर्ड बदलण्याआधी हे तपासा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते. 'मॅडम, लॉगिन होत नाहीये.' 'सर, कोड घेत नाही.' 'बाई, ॲडमिनला भेटा असं येतंय.' जुलैअखेर जरा शांत होतं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू होतं. मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत संगणक शिकवते आणि शाळेच्या गुगल वर्कस्पेसचं, म्हणजे शाळेच्या सगळ्या गुगल खात्यांचं, ॲडमिनचं काम माझ्याकडे आहे. हडपसर, वारजे, धनकवडी भागातल्या शाळांत हेच काम करणाऱ्या शिक्षकांशी बोलणं होतं तेव्हा अडचणी त्याच निघतात, आणि त्यावरचा पहिला उपायही सगळीकडे तोच असतो: पासवर्ड रीसेट.

माझं म्हणणं एवढंच आहे की रीसेट सगळ्यात शेवटी करा. बहुतेक वेळा पासवर्ड बरोबरच असतो. घोळ एकतर फोनमधल्या दुसऱ्या खात्याचा असतो, नाहीतर शाळेने तयार केलेल्या यादीचा. रीसेट केला की मूल आजीच्या किंवा मामाच्या फोनवर नीट चालू असेल तिथूनही बाहेर पडतं, नवा पासवर्ड पालकांपर्यंत पोचेस्तोवर दोन दिवस जातात आणि मूळ अडचण तशीच राहते.

आधी स्क्रीनशॉट मागवा. 'होत नाहीये' यावरून काहीच ठरवता येत नाही. खातं सापडत नाही, पासवर्ड चुकीचा आहे, 'तुम्हीच आहात याची खात्री करा', या सेवेचा ॲक्सेस नाही, किंवा लॉगिन झालंय पण वर्ग दिसत नाही, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचांची कारणंही वेगळी आहेत. स्क्रीनशॉट घेता येत नसेल तर पालकांना स्क्रीनवरची ओळ फोनवर वाचून दाखवायला सांगा. त्यांना इंग्रजी वाचायला संकोच वाटत असेल तर मुलाला फोन द्यायला सांगा, मुलं अक्षरं लावून व्यवस्थित वाचतात.

त्यानंतरची परीक्षा साधी आहे. पालकांना क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅब (ज्यात आधीची खाती आपोआप येत नाहीत) उघडायला सांगा आणि तिथे शाळेच्या ईमेलने क्लासरूम उघडून बघायला सांगा. तिथे उघडलं तर खातं आणि पासवर्ड दोन्ही ठीक आहेत, गोंधळ फोनमधल्या खात्यांचा आहे. तिथेही उघडलं नाही तर मगच ॲडमिन कन्सोलकडे, म्हणजे शाळेची खाती सांभाळायच्या गुगलच्या पानाकडे, वळा. या एका चाचणीने निम्म्याहून जास्त तक्रारी जागच्या जागी सुटतात, म्हणून ती कधीच गाळू नका.

कोड बरोबर, तरी वर्ग सापडत नाही

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. आपल्याकडे बहुतेक घरांत फोन वडिलांचा असतो आणि त्यात वडिलांचं जीमेल आधीपासून असतं. मूल क्लासरूम ॲप उघडतं, ॲप आपोआप वडिलांचं खातं उचलतं, मूल कोड टाकतं. शाळेच्या डोमेनबाहेरच्या, म्हणजे ईमेलमध्ये @ नंतर शाळेचा पत्ता नसलेल्या, खात्याला वर्गात यायची परवानगी सहसा नसते, त्यामुळे कोड अचूक असूनही नकार येतो. मग मूल कोड पुन्हा टाकतं, बाई नवा कोड काढतात, तरी काही फरक पडत नाही.

ॲपच्या वरच्या कोपऱ्यात गोल चित्र किंवा अक्षर असतं, त्यावर बोट ठेवलं की कोणतं खातं चालू आहे ते दिसतं. तिथे शाळेचा ईमेल दिसला पाहिजे. नसेल तर तिथूनच 'दुसरं खातं जोडा' निवडून शाळेचा ईमेल टाकायचा. ज्या घरात दोन भावंडं एकाच फोनवर शिकतात तिथे दोन्ही खाती जोडून ठेवा आणि मुलांना खातं बदलायचं कसं हे शाळेतच दाखवा. दर वेळी लॉगआउट करून पुन्हा पासवर्ड टाकायला लावलं की आठवड्याभरात पासवर्ड विसरला जाणार हे नक्की.

लिंकचाही एक घोळ आहे आणि तो शिक्षकांकडून होतो. आपण लॅपटॉपवर वर्ग उघडतो आणि वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून ग्रुपवर टाकतो. त्या पत्त्यात इंग्रजी 'यू', तिरपी रेघ आणि एक आकडा येतो: शून्य, एक किंवा दोन. तो आकडा म्हणजे आपल्या ब्राउझरमधलं कितवं खातं चालू आहे त्याचा क्रमांक. माझं शाळेचं खातं दुसरं असेल तर लिंकमध्ये एक येतो, आणि ती लिंक ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडेही दुसरं खातं उघडायचा प्रयत्न होतो. एखाद्या घरात दुसरं खातं आईचं असतं, एखाद्या घरात दुसरं खातंच नसतं. म्हणून वरच्या पट्टीतला पत्ता कधीच पाठवू नका. वर्गाच्या सेटिंग्जमध्ये निमंत्रणाची लिंक कॉपी करायची सोय आहे, तीच वापरा.

काही पालकांना गार्डियन म्हणून शाळेकडून मेल गेलेला असतो. तो स्वीकारला की आपलं मूल वर्गात आलं असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. त्या मेलमुळे पालकांना फक्त कामांचा सारांश मिळतो. मुलाचं लॉगिन वेगळंच करावं लागतं, हे पहिल्या पालकसभेतच सांगून टाका.

मूल शिक्षक होऊन बसतं

शाळेच्या खात्याने क्लासरूम पहिल्यांदा उघडलं की 'मी विद्यार्थी' आणि 'मी शिक्षक' असे दोन पर्याय समोर येतात. घाईत शिक्षकावर बोट पडतं. मग अधिकच्या खुणेवर वर्ग तयार करायचाही पर्याय दिसतो, मूल तो दाबतं, 'पाचवी अ' असं नाव देतं आणि त्या रिकाम्या वर्गात बाईंची वाट बघत बसतं. पालक सांगतात की लॉगिन झालंय, वर्गही दिसतोय, पण अभ्यास काही येत नाही. वर्गाच्या नावाखाली शिक्षक म्हणून कोणाचं नाव आहे ते विचारा. तिथे मुलाचंच नाव असेल तर कारण सापडलं.

अशी मुलं ॲडमिनकडे क्लासरूमच्या शिक्षकांच्या ग्रुपमध्ये मंजुरीच्या प्रतीक्षेत दिसतात. त्यांना मंजुरी देऊ नका, ग्रुपमधून काढा. एक सेटिंगही बदलून ठेवा. वर्ग तयार करायची परवानगी मुळात मंजुरी मिळालेल्या आणि प्रतीक्षेतल्या अशा दोन्ही शिक्षकांना असते. ती फक्त मंजुरी मिळालेल्यांपुरती केली की हा प्रकार थांबतो.

खातंच सापडत नाही

गुगल म्हणत असेल की असं खातं नाही, तर नव्वद टक्के वेळा ईमेल चुकीचा टाकलेला असतो, आणि तो चुकायला कारण आपण असतो. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं घरात एक, जन्मदाखल्यावर दुसरी आणि शाळेत तिसरी असतात. ज्ञानेश्वरीचं नाव कोणी डी-एन-वाय ने सुरू करतं, कोणी जी-वाय ने. श्रावणीच्या शेवटी कोणी आय लावतं, कोणी दोन ई. शिंदे, जाधव, पवार प्रत्येक वर्गात असतात आणि एका शाळेत आर्यन शिंदे दोन-तीन सहज निघतात. मग दुसऱ्याच्या नावापुढे १ आणि तिसऱ्यापुढे २ लावला जातो आणि मुलं एकमेकांच्या खात्यांत शिरायचा प्रयत्न करत बसतात.

नावावरून ईमेल करूच नका. हजेरी क्रमांकावरूनही नको, कारण तो दर जूनला बदलतो आणि तुकडीही बदलते. मुलाला शाळेत घेतलं त्या दिवशी मिळालेला आणि दाखला नेईपर्यंत न बदलणारा एकच क्रमांक आपल्याकडे आहे, तो म्हणजे जनरल रजिस्टरचा, जीआर नंबर. त्याआधी शाळेचं दोन अक्षरी आद्याक्षर लावा, झालं. स्पेलिंगचा प्रश्न मिटतो, दोन सारखी नावं भिडत नाहीत आणि पाचवीचं मूल दहावीला गेलं तरी तोच ईमेल राहतो. शिक्षकांना आकड्यांवरून मूल ओळखू येणार नाही अशी शंका काही जण घेतात. क्लासरूममध्ये नाव दिसतं, ईमेल नाही, तेव्हा ती काळजी नको.

यादी आणि एक्सेल

इथे मला जरा थांबायचंय, कारण वर्षभर पुरणारा त्रास याच एका फाइलमधून सुरू होतो. ॲडमिन कन्सोलमध्ये एकदम सगळी खाती तयार करायला सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, चढवावी लागते. तिच्यात फर्स्ट नेम, लास्ट नेम, ईमेल ॲड्रेस, पासवर्ड आणि ऑर्ग युनिट पाथ हे रकाने सक्तीचे आहेत. ऑर्ग युनिट म्हणजे कन्सोलमधला खात्यांचा गट, प्रत्येक गटाला वेगळ्या सेटिंग्ज लावता येतात.

आपल्या हजेरीत आणि रजिस्टरमध्ये आडनाव आधी असतं: पवार अथर्व संजय. ते जसंच्या तसं तोडून भरलं की क्लासरूममध्ये मुलाचं नाव 'पवार' होतं आणि आडनाव 'अथर्व संजय'. लॉगिनला त्याने अडत नाही, पण आडनावावर लावलेली यादी उलटीपालटी होते आणि शिक्षकाला कोणी काम दिलं, कोणी नाही हे हजेरीशी जुळवता येत नाही. फर्स्ट नेममध्ये मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र टाका आणि लास्ट नेममध्ये फक्त आडनाव. आईचं नाव लावणारी मुलं असतील तर रजिस्टरात आहे तसंच लावा, तिथे आपल्या मनाने बदल करू नका.

एक्सेल आकड्यांना हात लावतं हे सगळ्यात धोक्याचं. जीआर नंबर ००४५ असेल तर पुढची दोन शून्यं उडतात आणि ४५ उरतो, मग ईमेल एक आणि मुलाला दिलेल्या चिठ्ठीवर दुसराच. पाचवीचा बारावा क्रमांक म्हणून कोणी ५-१२ लिहिलं तर त्याची तारीख होते. राज्य सरकारच्या सरल पोर्टलवरचा विद्यार्थी आयडी १९ आकडी असतो, आणि एक्सेल १५ आकड्यांपुढचं धरून ठेवत नाही, शेवटचे चार आकडे शून्य करून टाकतं. तीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की गेलेले आकडे परत येत नाहीत. उपाय असा की रकाने आधी टेक्स्ट करून घ्यायचे आणि मग माहिती भरायची. त्याहून सोपं म्हणजे फाइल गुगल शीट्समध्ये करायची, रकान्यांना तिथेही प्लेन टेक्स्ट लावायचं आणि तिथूनच सीएसव्ही उतरवायची. नावं मराठीत ठेवायची असतील तर शीट्सच बरं. एक्सेलमधून साधी सीएसव्ही साठवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, तिथे 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा लागतो.

ऑर्ग युनिट पाथ तिरप्या रेघेने सुरू होतो आणि त्यातलं नाव कन्सोलमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एखादी मोकळी जागा जास्त पडली तरी ती ओळ नाकारली जाते. चढवल्यावर नाकारलेल्या ओळींचा अहवाल येतो, तो उघडून वाचा. 'माझ्या वर्गातल्या चारच मुलांची खाती झाली नाहीत' या तक्रारीचं उत्तर त्यातच असतं. नवं खातं सगळीकडे चालू व्हायला कधी कधी २४ तासही लागतात, म्हणून आज खाती तयार करून उद्या सकाळच्या सत्रात मुलांना लॉगिन करायला बसवू नका.

आणि एक प्रकार, ज्याने अख्खी शाळा एका दिवसात बंद पडते. तीन नवी मुलं आली म्हणून जुन्याच फाइलच्या खाली तीन ओळी जोडून पूर्ण फाइल पुन्हा चढवली जाते. कन्सोल आधीच्या मुलांची खाती नव्याने तयार करत नाही, पण त्यांची माहिती फाइलप्रमाणे बदलतो, पासवर्डसकट. ज्या मुलांनी पासवर्ड बदलला होता ती सगळी दुसऱ्या दिवशी बाहेर. 'काल चालत होतं, आज नाही' असं एकाच वर्गातून दहा जण सांगू लागले की पहिला प्रश्न हाच विचारा, काल कोणी फाइल चढवली का. नव्या मुलांची फाइल नेहमी वेगळी, फक्त त्यांच्याच ओळींची.

पासवर्ड खरंच चुकतो तेव्हा

पासवर्डात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल ठेवू नका, छापील चिठ्ठीवर ते ओळखू येत नाहीत. चांदणीचं चिन्हही टाळा. व्हॉट्सॲपवर दोन चांदण्यांमधला मजकूर ठळक होतो आणि चांदण्या दिसेनाशा होतात, पालक उरलेलं टाइप करतात आणि ते चुकतं. कॉपी करताना शेवटी मोकळी जागा येते, तेही तपासा. कीबोर्ड मराठी असेल तर काही फोनवर आकडे देवनागरीत उमटतात आणि ठिपक्यांच्या आड ते कळत नाही. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून पासवर्ड उघडा बघायला सांगा.

सगळ्यांना एकच पासवर्ड देणं आणि जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवणं, दोन्ही बंद करा. वर्गात वाढदिवसाला फळ्यावर नाव लिहिलं जातं, गोळ्या वाटल्या जातात, कोणाची तारीख कोणाला माहीत नसते असं होत नाही. एकाने दुसऱ्याच्या खात्यातून काही लिहिलं तर त्रास त्या निरपराध मुलाला होतो आणि तो लहान त्रास नसतो. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणं सहावीपासून पुढे योग्य आहे. पहिली ते चौथीला मी ते बंदच ठेवते, कारण तिथे पासवर्ड पालक बदलतात आणि महिन्याने कोणाच्याच लक्षात राहत नाही.

संपूर्ण वर्गाची यादी पासवर्डसकट पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, कितीही घाई असली तरी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, आणि कायदा नसता तरी ती मुलांची खाती आहेत. चिठ्ठ्या छापून हातात द्या. ईमेल ओळखपत्रामागे चिकटवला तरी चालेल, पासवर्ड वेगळ्या कागदावर.

'तुम्हीच आहात याची खात्री करा'

मूल नव्या फोनवरून लॉगिन करतं तेव्हा गुगलला शंका येते आणि तो रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल विचारतो. फाइलमधून तयार केलेल्या खात्यांना बहुतेकदा तो दिलेलाच नसतो, त्यामुळे मूल काही उत्तर देऊच शकत नाही. इथे पासवर्ड बदलून काही होत नाही. कन्सोलमध्ये त्या मुलाच्या खात्याच्या सिक्युरिटी भागात लॉगिन चॅलेंज १० मिनिटांसाठी बंद करता येतं. आधी पालकांना फोन लावा, फोन मुलाच्या हातात आहे ना विचारा, मग बंद करा आणि बोलत असतानाच लॉगिन करून घ्या. मेसेज टाकून ठेवला तर पालक तो रात्री वाचतात आणि १० मिनिटं केव्हाच संपलेली असतात.

यासाठी आम्ही गुरुवार ठरवला आहे. भोसरी, पिंपरी-चिंचवडकडच्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, वडील घरी असतात आणि फोनही घरी असतो. शाळा सुटल्यावर ज्यांना यायचं ते फोन घेऊन संगणक कक्षात येतात आणि समोरासमोर काम होतं.

खातं जोडताना 'तुमचा फोन संस्था नियंत्रित करेल' अशा अर्थाचा संदेश आला तर पालक घाबरून मागे फिरतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. तो फोन त्यांचा आहे. विद्यार्थ्यांच्या ऑर्ग युनिटसाठी मोबाइल मॅनेजमेंट 'बेसिक' ठेवलं की वेगळं डिव्हाइस पॉलिसी ॲप टाकायची गरज पडत नाही.

ॲक्सेस नाही, ॲडमिनला भेटा

एकाच मुलाला येत असेल तर ते मूल चुकीच्या ऑर्ग युनिटमध्ये पडलंय. सगळ्या वर्गाला येत असेल तर त्या युनिटसाठी क्लासरूम ही सेवाच बंद आहे. दोन्ही दुरुस्त्या किरकोळ आहेत.

क्लासरूम उघडतं पण एखाद्या बाहेरच्या सरावाच्या साइटवर 'गुगलने साइन इन' केलं की अडतं, ही तक्रार वेगळी. ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालच्या शालेय खात्यांना, ॲडमिनने ठरवून न दिलेल्या बाहेरच्या ॲपमध्ये असं लॉगिन करता येत नाही. कन्सोलच्या सिक्युरिटी भागातल्या एपीआय कंट्रोल्समध्ये (बाहेरच्या ॲपना परवानगी द्यायची जागा) जाऊन त्या ॲपला मंजुरी द्यावी लागते, आणि द्यायच्या आधी ते ॲप मुलांची कोणती माहिती घेतं ते वाचावं लागतं. यावर सोपा तोडगा म्हणून काही जण मुलांची वयाची सेटिंग १८ च्या वर करून टाकतात. कृपा करून असं करू नका. त्याने मुलांवरची बाकीची संरक्षणंही एका फटक्यात निघतात.

काम एकट्याकडे ठेवू नका

वर्गशिक्षकांना हेल्प डेस्क ॲडमिनची भूमिका देता येते, तीही फक्त विद्यार्थ्यांच्या ऑर्ग युनिटपुरती. त्यांना पासवर्ड रीसेट करता येतो, बाकी काही बिघडवता येत नाही. सुपर ॲडमिन मात्र दोन हवेत, आणि त्यातलं एक खातं मुख्याध्यापकांच्या ताब्यात. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाची बदली झाली किंवा समायोजनात दुसरीकडे जावं लागलं तर चाव्या त्याच्याबरोबर जातात आणि मग डोमेनच्या नोंदी बदलून मालकी सिद्ध करेपर्यंत शाळा अडकून पडते. डोमेनचं वार्षिक नूतनीकरणही कोणाच्या वैयक्तिक कार्डावर ठेवू नका.

ऑर्ग युनिट इयत्तेप्रमाणे करू नका, दहावीच्या वर्षाप्रमाणे करा: '२०३१ ची बॅच'. म्हणजे जूनमध्ये कोणालाच हलवावं लागत नाही. तुकडी बदलली तर क्लासरूममधला वर्ग तेवढा बदलतो. दाखला नेलेल्या मुलाचं खातं लगेच डिलीट न करता सस्पेंड करा. जूनमध्ये दाखला नेऊन जुलैत परत आलेली मुलं दर वर्षी असतात, आणि डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत मिळवता येतं.